सातबाऱ्यामागच्या दोन मूळ संख्या

१. सही दिसत नाही, मग उतारा खरा कशावरून?

पीककर्जाचे दिवस आले की फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावी सेवा केंद्रावर सातबारा काढणाऱ्यांची गर्दी होते. गाव निवडायचं, गट क्रमांक टाकायचा, पंधरा रुपये फी भरायची, की छापील उतारा हातात. त्यावर तलाठ्याची निळ्या शाईतली सही नसते, गोल शिक्काही नसतो. अभिलेख डिजिटल स्वाक्षरीचा असल्यामुळे सही-शिक्क्याची गरज नाही, अशी एक ओळ खाली छापलेली असते आणि सोबत पडताळणीचा क्रमांक असतो. जुनी माणसं हमखास विचारतात, "सहीच नाही, तर बँकवाला मानंल का?" त्यांच्या शिकलेल्या नातवाचा प्रश्न त्याहून पुढचा असतो. कॉम्प्युटरवरची फाइल कुणीही बदलू शकतो. एक हेक्टर वीस आरचे कुणी दोन हेक्टर वीस आर केले, बोजाची नोंद पुसून टाकली, तर कळणार कसं?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रात २०१८ पासून मिळू लागला, आणि अशा स्वाक्षरीला कायद्याचा आधार मिळाला तो २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने. पण बनावट फाइल पकडली जाते ती गणितामुळे. आपल्याकडे अशा सहीसाठी सर्रास वापरली जाणारी पद्धत दोन प्रचंड मूळ संख्यांवर उभी आहे. प्रत्येकी सुमारे ३०९ आकडी. त्या कुणी कधी कागदावर लिहिलेल्या नाहीत, त्यांना नाव नाही, आणि त्या कोणत्या हे सही करणाऱ्या अधिकाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मोठ्या मूळ संख्येच्या अंगी असं काय असतं, की तिच्या भरवशावर जमिनीचा कागद सोडता यावा?

२. आधी थोडी उजळणी

जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ. १५ मूळ नाही, कारण ती ३ गुणिले ५ आहे. अशीला संयुक्त संख्या म्हणतात. हे पाचवी-सहावीत झालेलं असतं. त्याच्याच पोटात एक मोठी गोष्ट दडलेली असते आणि शाळेत ती भरभर उरकली जाते: कुठल्याही संयुक्त संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. २७७३ ही संख्या ४७ गुणिले ५९ आहे. दुसऱ्या कुठल्याही दोन मूळ संख्यांचा गुणाकार २७७३ येणार नाही, आज नाही आणि कधीच नाही. ही संख्या लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा पुन्हा लागणार आहे.

मूळ संख्या पुढे पुढे विरळ होत जातात. पहिल्या १०० मध्ये २५ आहेत, १,००० पर्यंत १६८, १०,००० पर्यंत १,२२९, एक लाखापर्यंत ९,५९२ आणि दहा लाखांपर्यंत ७८,४९८. म्हणजे सुरुवातीला चारात एक, दहा लाखांपर्यंत सरासरी साधारण तेरात एक. मग खूप पुढे गेल्यावर त्या संपत असतील का? संपत नाहीत. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी युक्लिडने ते दाखवून दिलं: तुमच्याकडच्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात १ मिळवा. येणाऱ्या संख्येला तुमच्या यादीतल्या कोणत्याही संख्येने भागलं तरी बाकी १ उरणार. तेव्हा तिचा मूळ अवयव यादीबाहेरचाच असायला हवा.

विरळ होण्याचाही हिशेब आहे. संख्येत जितके आकडे, त्यांना २.३ ने गुणा. त्या परिसरात साधारण तितक्यांत एक मूळ संख्या सापडते. तरुण वयात गाऊसला याचा अंदाज आला होता, आणि १८९६ मध्ये हादामार आणि द ला व्हाले पूसँ या दोघांनी स्वतंत्रपणे तो सिद्ध केला. हा हिशेब ३०९ आकडी संख्यांना लावा. ३०९ गुणिले २.३ म्हणजे सुमारे ७१०. त्या अफाट प्रदेशातसुद्धा दर सातशे-साडेसातशे संख्यांमागे एक मूळ संख्या बसलेली आहे! सम संख्या आधीच वगळल्या तर साडेतीनशेत एक. माझ्या मते मूळ संख्यांविषयीची ही सर्वांत दिलासा देणारी गोष्ट आहे. सहीच्या कामाला लागणाऱ्या या आकारात त्या इतक्या आहेत की त्यांची संख्या लिहायला तीनशेहून जास्त आकडे लागतात. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या लिहायला ८० च्या आसपास आकडे पुरतात, असा अंदाज आहे. प्रत्येक अधिकाऱ्याला, प्रत्येक बँकेला, प्रत्येक संकेतस्थळाला आपापल्या दोन वेगळ्या मूळ संख्या दिल्या तरी साठ्याला ओरखडासुद्धा पडत नाही.

३. भाग न देता ओळखायचं कसं?

साडेतीनशेत एक आहे म्हणता, पण समोरची ३०९ आकडी संख्या त्यातलीच आहे हे कळणार कसं?

शाळेतली रीत म्हणजे २, ३, ५, ७ असं करत संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहणं. २७७३ चं वर्गमूळ ५२ च्या थोडं पुढे आहे, तेव्हा ४७ पर्यंत गेलं की काम झालं. ३०९ आकडी संख्येचं वर्गमूळ १५५ आकडी. सेकंदाला अब्ज अब्ज भागाकार करणारं यंत्र विश्वाच्या जन्मापासून चालू ठेवलं असतं, तरी आजवर त्याचे ३६ आकड्यांत लिहिता येतील इतकेच भागाकार झाले असते. १५५ आकड्यांपुढे ते काहीच नाहीत. म्हणजे हा रस्ता बंद.

दुसरा रस्ता दाखवला फ्रान्समधल्या पिएर द फर्मा या न्यायाधिकाऱ्याने. गणित हा त्याचा फावल्या वेळचा ध्यास होता. १६४० मध्ये एका पत्रात त्याने हा नियम कळवला. मूळ संख्या घ्या, समजा ७. तिच्यातून १ वजा करा, ६ आले. आता २ चा सहावा घात काढा: ६४. त्याला ७ ने भागा, बाकी १. ११ घ्या: २ चा दहावा घात १०२४, तो म्हणजे ११ गुणिले ९३ अधिक १. बाकी पुन्हा १. १३ घ्या: २ चा बारावा घात ४०९६, बाकी १. पाया २ च हवा असंही नाही. ५ साठी ३ चा चौथा घात ८१, बाकी १. मूळ संख्येने ज्याला भाग जात नाही असा कोणताही पाया घ्या, नियम मोडत नाही.

आता उलट बाजूने या. एखाद्या संख्येने हा नियम मोडला, तर ती मूळ नाही हे पक्कं झालं, तिचा एकही अवयव न शोधता. ९१ घेऊ. तिला २, ३, ५ यांनी भाग जात नाही, म्हणून पुष्कळांना ती मूळ वाटते. तिच्यासाठी २ चा ९० वा घात काढून ९१ ने भागायचं. २ चा ९० वा घात २८ आकडी आहे, पण तो लिहायची गरजच नाही. वर्ग करत जायचं आणि दर पायरीला फक्त बाकी जवळ ठेवायची:

२ चा वर्ग ४.
४ चा वर्ग १६. हा झाला चौथा घात.
१६ चा वर्ग २५६, बाकी ७४, आठवा घात.
७४ चा वर्ग ५४७६, बाकी १६, सोळावा घात.
१६ चा वर्ग, बाकी पुन्हा ७४, बत्तिसावा.
७४ चा वर्ग, बाकी पुन्हा १६, चौसष्टावा.

९० म्हणजे ६४ अधिक १६ अधिक ८ अधिक २. तेव्हा १६, १६, ७४ आणि ४ यांचा गुणाकार करून बाकी काढायची. ती येते ६४. नियमाप्रमाणे १ यायला हवी होती. म्हणजे ९१ मूळ नाही. (ती ७ गुणिले १३ आहे, पण हे आपल्याला कळायची गरज पडली नाही.) नव्वदाव्या घातासाठी सहा वर्ग आणि तीन गुणाकार पुरले. सहीतल्या ३०९ आकडी संख्येसाठी याच रीतीने साधारण हजार वर्ग करावे लागतात. साध्या संगणकालाही ते डोळ्याची पापणी लवण्याआधी जमतं.

या चाचणीत एक फट आहे. काही संयुक्त संख्या मूळ असल्यासारखं वागून निसटतात. ३४१ ही ११ गुणिले ३१ आहे, तरी २ चा ३४० वा घात तिने भागला तर बाकी १ च येते. पाया ३ घेतला की ती पकडली जाते. तेव्हा बाकी ५६ येते. ५६१ आणखी पक्की निघाली. जिच्याशी तिचा सामाईक अवयव नाही अशी कोणतीही संख्या पाया म्हणून घ्या, ती चाचणी पार करते. ही फट बुजवली गॅरी मिलर आणि मायकेल राबिन यांनी, १९७६ ते १९८० च्या दरम्यान. त्यांच्या सुधारलेल्या चाचणीत संयुक्त संख्या एका फेरीत निसटण्याची शक्यता फार तर चारात एक. वेगवेगळे पाये घेऊन चाळीस फेऱ्या केल्या, तर निसटण्याची शक्यता एकावर २४ शून्यं इतक्यांत एकदाही नाही.

एवढी खात्री व्यवहाराला पुरते. शंभर टक्के खात्री, तीही वाजवी वेळात, मिळेल का हा प्रश्न मात्र सैद्धांतिक गणितात बराच काळ उघडा राहिला. त्याचं उत्तर ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरमधून आलं. प्राध्यापक मणिंद्र अग्रवाल आणि नुकतेच पदवीधर झालेले नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी, कुठेही नशिबावर न विसंबता, संख्या मूळ आहे की नाही हे ठामपणे सांगणारी रीत दिली. तिचा वेळ आकड्यांच्या संख्येबरोबर आवाक्यात वाढतो. जगभरच्या गणितज्ञांनी चकित होऊन तो शोधनिबंध वाचला. तो समजायला त्यांना फार अवघड गणितही लागलं नाही. रोजच्या कामात आजही मिलर-राबिनच वापरतात, कारण ती कितीतरी वेगवान आहे.

तेव्हा मोठी मूळ संख्या मिळवायची रीत अशी: ३०९ आकडी एखादी विषम संख्या यदृच्छेने उचलायची, चाचणी लावायची, नापास झाली तर दुसरी उचलायची. सरासरी साडेतीनशे संख्या तपासल्या की एक सापडते.

४. सही कशी होते

ज्वारी आणि बाजरी एकत्र दळून आणायला गिरणीत पाच मिनिटं लागतात. ते पीठ पुन्हा वेगळं करायला सांगितलं तर जन्म पुरणार नाही. मूळ संख्यांच्या गुणाकाराचं असंच आहे. ३०९ आकडी दोन संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो. आलेल्या ६१७ आकडी गुणाकारावरून त्या दोन संख्या परत काढायची वाजवी वेळातली रीत मात्र आजच्या संगणकांसाठी कुणाला सापडलेली नाही. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत रॉन रिव्हेस्ट, आदी शामीर आणि लेनर्ड एडलमन यांनी या एकमार्गी वाटेवर सहीची पद्धत उभी केली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला आरएसए म्हणतात.

आपण ती हाताने करून पाहू. दोन मूळ संख्या घेऊ, ३ आणि ११. गुणाकार ३३, हा जाहीर करायचा. प्रत्येकीतून १ वजा करून गुणाकार केला, २ गुणिले १०, म्हणजे २०. हा गुप्त ठेवायचा. आता दोन घात असे निवडायचे की त्यांच्या गुणाकाराला २० ने भागल्यावर बाकी १ उरेल. ३ आणि ७ चालतील, कारण २१ म्हणजे २० अधिक १. त्यातला ३ जाहीर, ७ गुप्त.

सही करायची आहे ती सातबाऱ्यावर. तो मजकूर आधी एका ठरलेल्या रीतीने एका संख्येत उतरवतात. तिला हॅश म्हणतात. खऱ्या व्यवहारात ती जास्तीत जास्त ७८ आकडी असते, आणि उताऱ्यात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी ती पूर्ण बदलते. आपण समजू की या उताऱ्याचा हॅश ५ आला. अधिकाऱ्याचं यंत्र ५ चा सातवा घात काढतं आणि ३३ ने भागून बाकी घेतं. ५ चा वर्ग २५. चौथा घात ६२५, बाकी ३१. ३१ गुणिले २५ म्हणजे ७७५, बाकी १६. १६ गुणिले ५ म्हणजे ८०, बाकी १४. ही १४ म्हणजे सही.

बँकेतला संगणक काय करतो? त्याला ३३ आणि ३ हे जाहीर आकडे ठाऊक आहेत. तो १४ चा तिसरा घात काढतो. १४ चा वर्ग १९६, बाकी ३१. ३१ गुणिले १४ म्हणजे ४३४, बाकी ५. मग समोरच्या उताऱ्याचा हॅश तो स्वतः काढतो. तोही ५ आला, की सही खरी आणि मजकूरही तोच. कुणी एक हेक्टरचे दोन केले असते तर हॅश बदलून समजा ६ झाला असता, आणि १४ चा घन मात्र हट्टाने ५ च देत राहिला असता. लबाडी तिथेच उघडी पडते.

घात केल्यावर ५ परत कसा आला? इथे फर्माचाच नियम, अठराव्या शतकात ऑयलरने रुंद केलेल्या रूपात, कामाला येतो. ३३ शी जिचा सामाईक अवयव नाही अशा कोणत्याही संख्येचा विसावा घात ३३ ने भागला तर बाकी १ येते. सातवा घात आणि त्याचा तिसरा मिळून एकविसावा घात झाला. विसाव्याने १ दिला, उरलेल्या एकाने मूळची संख्या परत आणली.

प्रत्यक्षात जाहीर घात बहुतेक सगळीकडे ६५,५३७ असतो. तीही मूळ संख्याच आहे, आणि २ च्या सोळाव्या घाताच्या फक्त एकाने पुढे असल्यामुळे सतरा गुणाकारांत पडताळणी उरकते. गुप्त आकडे राहतात अधिकाऱ्याच्या डोंगलमध्ये. कार्यालयात लोक त्याला डीएससी म्हणतात. दिसायला पेनड्राइव्हसारखं, पण त्यातल्या मूळ संख्या आतच तयार होतात आणि बाहेर निघत नाहीत. पिन टाकला की सहीचं गणित आतल्या आत होतं आणि बाहेर येतं ते फक्त उत्तर.

एक व्यवहारातली गोष्ट सांगायला हवी. सरकारी पीडीएफ उघडल्यावर कधी कधी पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड' अशी अक्षरं दिसतात, आणि लोक घाबरतात. तेवढ्यावरून सही खोटी ठरत नाही. बहुतेक वेळा ती फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामला ते जाहीर आकडे नेमके कुणाचे, याची हमी देणारं भारतीय प्रमाणपत्र ठाऊक नसतं. ते एकदा मान्य करून दिलं की हिरवी खूण येते. आणि दुसरं: खरी सही फाइलमध्ये असते. छापलेल्या कागदावर तिची फक्त सूचना येते. म्हणून छापील उताऱ्याबद्दल शंका असेल तर त्यावरचा पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहणं हाच मार्ग.

५. कन्नडच्या घाटापलीकडचं गणित

वरच्या उदाहरणात ३ ची जोडी ७ हे नजरेनेच दिसलं. खऱ्या सहीत ती जोडी कशी शोधतात? इथे आपल्याच मुलखात यावं लागतं.

फुलंब्रीच्या शेजारी कन्नड. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव, आणि चाळीसगावजवळ डोंगराच्या कुशीत पाटण. तिथल्या भवानीच्या, म्हणजे पाटणादेवीच्या, देवळातला शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या सिंघण यादवाचे ज्योतिषी होते, आणि आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांनी तिथे मठ स्थापला, असं त्या लेखात कोरलेलं आहे. काळ तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्या मठात शिकवल्या जाणाऱ्या 'लीलावती'त कुट्टक नावाचं प्रकरण आहे. त्याचा प्रश्न असा: दिलेल्या संख्येला कितीने गुणून त्यात अमुक मिळवलं, की तमुक संख्येने निःशेष भाग जाईल? आर्यभटापासून चालत आलेली ही रीत ११५० मध्ये भास्कराचार्यांनी फार स्वच्छ मांडली.

सहीची गुप्त जोडी शोधणं हा नेमका कुट्टकाचा प्रश्न आहे. आपल्या २७७३ कडे या. तिचे अवयव ४७ आणि ५९. प्रत्येकातून १ वजा करून गुणाकार ४६ गुणिले ५८, म्हणजे २६६८. जाहीर घात १७ ठरवू. १७ ला कितीने गुणलं म्हणजे २६६८ ने भागून बाकी १ उरेल?

२६६८ ला १७ ने भागा: भागाकार १५६, बाकी १६.
१७ ला १६ ने भागा: भागाकार १, बाकी १.

बाकी १ आली, थांबायचं. आता उलट चढायचं. शेवटचा १ म्हणजे १७ वजा १६. ते १६ म्हणजे २६६८ वजा १७ च्या १५६ पटी. ते आत घातलं की १ म्हणजे १७ च्या १५७ पटी वजा २६६८. उत्तर १५७. पडताळा: १७ गुणिले १५७ बरोबर २६६९.

भास्कराचार्यांच्या रीतीत हे भागाकार एकाखाली एक लिहितात. त्या ओळीला वल्ली म्हणतात. ६१७ आकडी संख्यांनाही हीच वल्ली लागते. जाहीर घात ६५,५३७ असेल तर पहिल्याच भागाकारात अवाढव्य संख्या पाच आकड्यांवर उतरते, मग वीसेक पायऱ्यांत काम होतं. डोंगलमधल्या चिपने ही रीत 'लीलावती'तून उचलली असं मी म्हणत नाही. युक्लिडच्या मसाविच्या रीतीतूनही तिथे पोहोचता येतं. पण गणित तेच आहे, आणि आठशे वर्षांपूर्वी ते या डोंगरापलीकडे मुलांना शिकवलं जात होतं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

हे सगळं करायला २६६८ हवी, आणि ती मिळवायला ४७ आणि ५९ हवेत. ज्याच्याकडे फक्त २७७३ आहे तो इथेच अडतो.

६. कोणती मूळ संख्या चालत नाही?

माहीत असलेली. आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली. ल्यूक ड्युरांट यांनी ती शोधली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० आकडे आहेत. पानाला तीन हजार आकडे छापले तर तेरा हजारांहून जास्त पानं होतील. सहीसाठी ती निरुपयोगी आहे, कारण ती साऱ्या जगाला ठाऊक आहे. रूपावरून ओळखता येणाऱ्या संख्यांचीही तीच गत. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर देखण्या संख्यांमागे जन्मभर फिरले. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, अशांना त्यांनी डेम्लो संख्या हे नाव दिलं. सलग एकोणीस वेळा १ लिहून होणारी संख्या मूळ आहे, तेवीस वेळा लिहूनही. पाहत राहाव्या अशाच या संख्या आहेत. पण गुपित ठेवायला अनोळखी संख्याच लागते.

एकमेकींच्या फार जवळच्या दोन मूळ संख्याही चालत नाहीत. २७७३ च घ्या. तिच्या वर्गमुळाच्या लगेच पुढची पूर्ण संख्या ५३. ५३ चा वर्ग २८०९. त्यातून २७७३ गेले, उरले ३६, म्हणजे ६ चा वर्ग. दोन वर्गांची वजाबाकी झाली, तेव्हा अवयव ५३ वजा ६ आणि ५३ अधिक ६. ४७ आणि ५९. एका झटक्यात गुपित फुटलं! ही युक्तीसुद्धा फर्माचीच. म्हणून दोन्ही मूळ संख्यांमध्ये पुरेसं अंतर ठेवण्याचा नियम पाळावा लागतो.

सर्वांत घातक चूक तिसरी: दोघांनी एकच मूळ संख्या वापरणं. एकाचा जाहीर गुणाकार २७७३ आहे, दुसऱ्याचा २८६७. शाळेतला मसावि काढा. २८६७ वजा २७७३, आले ९४. २७७३ ला ९४ ने भागा, बाकी ४७. ९४ ला ४७ ने भाग जातो. मसावि ४७. दोघांचीही गुपितं एकदम उघडी, कारण २८६७ म्हणजे ४७ गुणिले ६१. हे नुसतं कल्पनेतलं नाही. २०१२ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी इंटरनेटवरचे लक्षावधी जाहीर गुणाकार गोळा करून असेच मसावि काढले, आणि हजारो ठिकाणची गुप्त संख्या त्यांच्या हाती आली. दोष मूळ संख्यांच्या तुटवड्याचा नव्हता. त्या किती आहेत ते आपण पाहिलंच. बहुतांशी राउटरसारखी छोटी उपकरणं चालू होताच, पुरेशी यदृच्छा गोळा होण्याआधी, संख्या निवडत होती, त्यामुळे वेगवेगळ्या उपकरणांनी तीच संख्या उचलली. या पद्धतीच्या मजबुतीची चर्चा नेहमी आकड्यांच्या लांबीवर होते. माझ्या मते त्याहून जास्त लक्ष निवड कशी होते याकडे द्यायला हवं.

७. हे किती दिवस टिकेल?

१९७७ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या मार्टिन गार्डनर यांच्या सदरात १२९ आकडी एक गुणाकार आव्हान म्हणून छापला होता. तो फुटायला कल्पनेपलीकडची वर्षं लागतील असा तेव्हा अंदाज होता. १९९४ मध्ये सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून काम वाटून घेऊन काही महिन्यांत तो फोडला. अवयव निघाले ६४ आणि ६५ आकडी. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० आकडी गुणाकार फुटला. आज वापरात असलेला ६१७ आकडी अजून शाबूत आहे, आणि आकडे वाढतात तसं काम कितीतरी पटींनी वाढतं.

धोका आहे तो वेगळ्या जातीच्या यंत्राचा. १९९४ मध्येच पीटर शोर यांनी दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला, तर तो अशा गुणाकाराचे अवयव झपाट्याने काढील. तेवढा मोठा संगणक अजून बनलेला नाही. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेने मूळ संख्यांच्या गुणाकारावर न विसंबणाऱ्या नव्या सह्यांच्या पद्धती प्रसिद्ध केल्या आहेत, आणि हळूहळू सगळ्यांना तिकडे वळावं लागेल.

सातबाऱ्यापुरती त्याची फारशी घाई नाही. कर्जासाठी काढलेला उतारा त्या हंगामापुरता लागतो. पुढच्या वेळी नवा काढला की त्यावर त्या वेळची सही येते, आणि मूळ नोंद महसुली दप्तरात असतेच. खरेदीखत किंवा वाटणीपत्र यांचं तसं नाही. ते तीस-चाळीस वर्षांनी कोर्टात काढून दाखवावं लागतं. असे कागद केवळ डिजिटल सहीवर ठेवायचे असतील, तर जुन्या पद्धतीची सही फुटायच्या आत त्यांच्यावर नव्या पद्धतीची सही चढवून घेण्याची सोय सरकारला आजच आखावी लागेल.